मुरूम, पुटकुळ्या आणि आम्ही

आपल्या मंडळाच्या अंकात पाककृती येतात, सहलींची वर्णनं येतात, टॅक्सच्या सूचना येतात, कधीमधी एखादी कविताही येते. मुरुमांवर लेख आल्याचं आम्हाला आठवत नाही. तरीही आम्ही उभयतांनी तो लिहायला घेतला, कारण मागच्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर जेवणाच्या रांगेत एकाच संध्याकाळी तीन आया आणि एक बाबा आमच्याजवळ येऊन, इकडेतिकडे बघत, हळूच विचारून गेले, "तुमच्या मुलीचं तोंड बरं झालं ना? काय केलंत हो?" चौघांनाही हातात श्रीखंडाची वाटी धरून अर्धवट उत्तरं दिली. एकाला तर बहुधा चुकीचंच सांगितलं. तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. कुठलं वाक्य आईचं आणि कुठलं बाबांचं, ते शोधत बसू नये. आम्ही दोघंही डॉक्टर नाही. लेकीला आधी वाचायला दिला होता. तिने एक परिच्छेद खोडला आणि "बाकीचं छापा" म्हणाली.

सुरुवात शब्दांपासून करतो. आमच्या आज्या पुळीला पुळी म्हणायच्या, गळवाला गळू, केसाच्या मुळाशी आलं तर केसतूड, उन्हाळ्यात अंगभर आलं तर घामोळं. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा उपाय. उपाय बरोबर होते असा आमचा दावा नाही, पण ही एकच वस्तू नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही शिकलेसवरलेले. आम्ही सगळ्याला 'पिंपल्स' म्हणून मोकळे झालो. (लेकीने 'मुरूम' हा शब्द मराठीत शोधला, तेव्हा तिला रस्त्यावर पसरतात त्या मुरुमाचे ट्रक दिसले. "बाबा, धिस इज अ‍ॅक्युरेट," असं तिचं म्हणणं पडलं.)

आमची खरी चूक मोठ्या मुलापासून सुरू होते, जरी त्याचं काहीच बिघडलं नाही.

2017 साली तो तेरा वर्षांचा होता. कपाळावर, केसांच्या कडेला, बारीक बारीक, त्वचेच्याच रंगाच्या पुटकुळ्या आल्या. दुखत नव्हत्या, पिकत नव्हत्या, तिरप्या उजेडात रव्यासारख्या दिसायच्या. त्या वर्षी आजी सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला होती आणि दर रविवारी नातवाच्या डोक्याला खोबरेल तेलाचा मसाज व्हायचा. तेल कपाळावर ओघळायचं, रात्री उशीवर उतरायचं, तिथून पुन्हा तोंडाला. आजी परत गेली, तेल थांबलं. दुकानात अ‍ॅडापलीनचं जेल मिळतं, ते आणलं. (0.1 टक्क्याचं हे जेल 2016 पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आहे.) तीन-चार महिन्यांत कपाळ साफ. पुढे आम्हाला कळलं की केसांना लावायच्या पोमेडमुळे कपाळावर येणाऱ्या अशाच मुरुमांचं वर्णन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 सालीच करून ठेवलं होतं. थोडक्यात, आमच्या आजीने काही नवीन शोध लावला नव्हता.

यातून आम्ही धडा घेतला तो असा, की वयात येताना मुरूम येतात आणि आपले आपण जातात. हा धडा आम्ही चार वर्षं उराशी बाळगला आणि तो चुकीचा होता.

मुळात हे होतं कसं, ते आम्हाला समजलं तेवढं सांगतो. त्वचेवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातली अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलांत आणि मुलींतही, आणि या ग्रंथी जास्त तेल करू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी नीट गळून न पडता चिकटून बसतात. न्हाणीघरातली मोरी केस अडकून तुंबते, तसं ते तोंड बुजतं. फरक एवढाच की इथे घाणीचा काही संबंध नाही. तोंड बुजलं आणि वर पातळ त्वचा राहिली, की पांढरट पुटकुळी. तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे. त्वचेचंच रंगद्रव्य आणि हवेचा परिणाम होऊन ते बूच काळं पडतं. आमच्यातल्या बाबांनी मात्र वर्षभर "तोंड नीट धूत नाहीस" हा मंत्र चालू ठेवला होता. बिचारी दिवसातून पाच वेळा घासून घासून धूत होती आणि त्याने कातडी आणखी चिडत होती.

या पहिल्या पायरीवर सगळं थांबलं तर भाग्य. आमच्या मुलाचं तिथेच थांबलं. पण बुजलेल्या नळीत, एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर नांदणारे जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झगडू लागतं आणि सूज येते. मग होते ती टणक, दुखरी पुळी. तिच्या टोकाला पू दिसला की पिकलेली पुळी. आणि नळीची भिंत खोलवर फुटली, तर आतला ऐवज आजूबाजूच्या मांसात पसरतो आणि त्वचेच्या खाली गाठ तयार होते. तिला वर तोंडच नसतं. बाहेरून बघणाऱ्याला ती किरकोळ फुगवटा वाटते, आणि जिच्या गालात ती असते तिला त्या कुशीवर झोपता येत नाही.

आमची लेक 2021 च्या हिवाळ्यात फक्त उजव्या कुशीवर झोपत होती. हे आम्हाला दीड वर्षाने कळलं.

ती तेव्हा आठवीत होती. त्या सप्टेंबरात शाळा पूर्ण वेळ सुरू झाल्या होत्या, मास्कसह. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पुळ्या दिसू लागल्या, तेव्हा सगळं जगच म्हणत होतं की मास्कमुळे असं होतं, आणि आम्हीही तेच म्हटलं. त्यात थोडं तथ्य आहे, घर्षणाने आणि घामाने मुरूम वाढतात. 7 मार्च 2022 ला न्यू जर्सीच्या शाळांतली मास्कची सक्ती उठली. आमच्या लेकीने मास्क काढला नाही. मे गेला, जून आला, वर्गात मोजकी दोन-तीन मुलं मास्क लावणारी, त्यात ही. आम्हाला कौतुक वाटलं. भारतात फोन केला की सांगायचो, आमची मुलगी किती जबाबदार, अजून काळजी घेते. घरी तिचं तोंड आम्हाला रोज दिसत होतं. दिसत होतं, पण आम्ही बघत नव्हतो.

घरगुती उपाय मात्र जोरात होते. हळद आणि चंदन, मुलतानी माती, कोणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा रस (त्याने आग झाली, तो लगेच बंद केला), कोणीतरी सांगितलं म्हणून रात्री टूथपेस्ट. चॉकलेट बंद, वडे बंद, आणि वर रोज झोपताना पेलाभर हळदीचं दूध, भरपूर साखर घालून. आता कळतं की तळलेल्या पदार्थांवरचा आळ फारसा सिद्ध झालेला नाही. रक्तातली साखर भराभर वाढवणारं खाणं, आणि काही जणांच्या बाबतीत दूध आणि व्हे पावडर, यांचा मुरुमांशी संबंध दिसतो. म्हणजे आम्ही निरुपद्रवी वडे काढून घेतले आणि संशयित पेला हातात दिला. आमच्यातले एक जण औषधांच्या कंपनीत नोकरीला आहेत, हेही इथे कबूल केलेलं बरं.

मुलांच्या डॉक्टरांकडे वार्षिक तपासणीला गेलो, तेव्हा त्यांनीही वयाचा भाग आहे असं म्हणून बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला सांगितलं. दुकानात अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत मिळत होतं. आम्ही मराठी माणसं, त्याच पैशांत जास्त मिळत असेल तर कमी का घ्या? दहा टक्क्यांचं घेतलं. तोंडाची सालं निघाली. घरातल्या सगळ्या निळ्या टॉवेलांवर पांढरट डाग पडले, ते अजून आहेत. अडीच टक्केही जवळजवळ तेवढंच काम करतं आणि त्रास कमी देतं, हे नंतर वाचलं. पण कितीही टक्क्यांचं असलं, तरी वरून लावलेलं मलम त्या खोल गाठींपर्यंत फारसं पोचतच नाही.

त्या वर्षीच्या दिवाळी कार्यक्रमात तिचं गाणं ठरलं होतं. तिने ऐन वेळी नाही म्हटलं. संयोजकांना आम्ही परीक्षा आहे असं कळवलं. परीक्षा नव्हती. या निमित्ताने त्यांची माफी मागतो.

डिसेंबर 2022 मध्ये आम्ही ठाण्याला लग्नाला गेलो. मास्क तिथे चालणार नव्हता. पहिल्या दिवशी अकरा जणांनी तिच्या तोंडाबद्दल बोलून घेतलं. आकडा तिचा आहे, तिने मोजले होते. "अगंबाई, हे काय करून घेतलंस," पासून "पोट साफ होतं ना?" पर्यंत. सगळी मायेची माणसं. आम्हीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना असंच बोलत आलो, त्यामुळे कोणाला नावं ठेवायला तोंड नाही. काकूंना मात्र तिची दया आली. त्यांनी खालच्या केमिस्टकडून एक छोटी ट्यूब आणून दिली. रात्री लाव, म्हणाल्या.

आणि मंडळी, चमत्कार झाला! आठ दिवसांत तोंड मऊ, उजळ, सूज गायब. लग्नाचे फोटो सुंदर आले. निघताना काकूंनी आणखी चार ट्यूबा बॅगेत घातल्या. आम्ही त्यांच्या पाया पडलो.

फेब्रुवारीअखेर ट्यूबा संपल्या. पंधरा दिवसांत जे झालं ते पूर्वीच्या कितीतरी पट होतं. गाल तापलेले, कातडी पातळ होऊन आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसणाऱ्या, आणि एकसारख्या पुळ्यांचं पीक. तेव्हा कुठे आमच्यातल्या औषधकंपनीवाल्यांनी रिकामी ट्यूब कचऱ्यातून काढून, चष्मा लावून, बारीक अक्षर वाचलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं स्टेरॉइड आहे. हे मिश्रण वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे द्यायचं असतं. मुरुमांवर स्टेरॉइड लावलं की सूज झटपट बसते, म्हणून जादू वाटते. लावत राहिलं की ते स्वतःच मुरूम आणतं आणि सोडलं की दुप्पट उसळतं. भारत सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध घातले. पण कायदा दिल्लीत असतो आणि केमिस्ट खालच्या मजल्यावर. काकूंचा यात काडीचा दोष नाही. त्या स्वतः तेच लावत होत्या. त्यांनाही आता आम्ही थांबवलं आहे, आपल्या मनाने नाही तर तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून.

इथल्या त्वचारोगतज्ज्ञांची वेळ आम्हाला एप्रिल 2023 मध्ये मिळाली. बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल तर दिव्याखाली बघण्याआधी हातमोजे घालून तिच्या जबड्यावरून सावकाश बोटं फिरवली. दीड वर्षात तिच्या तोंडाला कोणी दाबून फोडण्याखेरीज हात लावला नव्हता. कुठे दुखतं, ही कधीची, ही परत परत त्याच जागी येते का, असं त्या एकेका गाठीचं विचारत गेल्या. मग कागदावर त्वचेचं चित्र काढून दाखवलं, वर कुठली, खाली कुठली. पाच मिलिमीटरपेक्षा मोठी, टणक आणि खोल ती नोड्यूल. आमच्या लेकीच्या तोंडावर सगळेच प्रकार एकत्र नांदत होते, पण सगळी निकड त्या खालच्यांची होती. कारण वरवरची पुळी बरी होताना डाग ठेवते, तर खोलवरची गाठ बरी होताना खड्डा ठेवू शकते.

बाईंनी विचारलं, कधीपासून आहे? आम्ही म्हटलं, सहा महिने. लेक म्हणाली, अठरा.

त्यानंतर गाडीत कोणी बोललं नाही.

डाग आणि खड्डा हा फरक आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. माहितीपत्रकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या माणसांची असतात. तिथे मुरूम लाल दिसतो, नंतरचा डागही लालसर. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, तपकिरी-काळपट दिसते. त्यामुळे सूज किती आहे याचा अंदाज चुकतो. आमचा चुकलाच. आणि सूज उतरल्यावर जे काळे डाग राहतात ते महिनोन्‌महिने टिकतात. पण ते डागच असतात, कातडी सपाट असते, आणि सनस्क्रीन व धीर यांनी ते बहुतेक फिके होतात. खड्डा मात्र बोटाला लागतो. तो आपला आपण भरून येत नाही. आमच्या लहानपणी गावात तोंडावर देवीचे वण असलेली वडीलधारी माणसं असायची, त्यामुळे वण म्हणजे देवीचेच, असं डोक्यात पक्कं होतं. मुरुमांनी तसे वण पडू शकतात हे आम्हाला आमच्याच मुलीच्या डाव्या गालावर कळावं, याचं अजून वाईट वाटतं.

आधी तीन महिने डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या झाल्या. पेलाभर पाण्याबरोबर घ्यायच्या, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि ऊन टाळायचं. थोडा फरक पडला, पण नव्या गाठी थांबल्या नाहीत. मग ऑगस्टमध्ये आयसोट्रेटिनॉइन सुरू झालं. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध अमेरिकेत 1982 पासून आहे. तेलाच्या ग्रंथी आक्रसून टाकणारं, गंभीर मुरुमांवरचं सगळ्यात प्रभावी औषध. पण ते चालू असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. म्हणून इथे 'आयप्लेज' नावाची सक्तीची नोंदणी आहे. गर्भ राहू शकेल अशा प्रत्येक रुग्णाची औषधाआधी दोनदा आणि मग दर महिन्याला गर्भचाचणी, आणि संततिनियमनाची दोन साधनं किंवा पूर्ण संयमाची लेखी हमी. मुलगी पंधरा वर्षांची असली तरी हाच नियम.

बाईंनी आम्हाला दोघांना नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटं बाहेर बसलो. आमच्या आईवडिलांनी असं ऐकून घेतलं असतं का, असा विचार दोघांच्याही मनात आला आणि दोघांनीही तो बोलून दाखवला नाही. लेक बाहेर आली ती हसत. "तुम्ही दोघं इतके घाबरलेले का दिसताय?" पुढे फोनवर आजीला कुठूनतरी कळलं की नातीची "ती" तपासणी होते. तिला समजावायला तीन रविवार लागले. औषध स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं की नीट शोषलं जातं, म्हणून डॉक्टरांनी वरणभातावर तूप घ्यायला सांगितलंय, हे कळल्यावर मात्र आजीचा त्या बाईंवर एकदम विश्वास बसला.

ते सात महिने सोपे नव्हते. पहिल्या महिन्यात मुरूम आणखी उसळले. ओठ इतके फाटले की शाळेच्या प्रत्येक खिशात एक व्हॅसलीनची डबी. नाकातून रक्त यायचं. रक्ताची तपासणी झाली, यकृताची आणि चरबीची. दर भेटीत मनाची अवस्था कशी आहे, झोप लागते का, उदास वाटतं का, हे विचारत आणि उत्तराची वाट बघत. यादीतला प्रश्न म्हणून उरकत नसत. मार्च 2024 ला औषध संपलं. नवीन गाठ त्यानंतर आलेली नाही. काळे डाग दिवाळीपर्यंत बरेच फिके झाले. खड्डे आहेत. त्यांच्यावर उपाय आहेत, सुया आहेत, लेझर आहे. पण आपल्या रंगाच्या त्वचेवर लेझरने नवे काळे डाग पडू शकतात, म्हणून अनुभवी माणूस शोधावा लागतो. लेक म्हणते, कॉलेजात जाऊन बघू. तिचा गाल आहे.

रांगेत भेटलेल्या बाबांनी विचारलं होतं की हे औषध भारतातून स्वस्तात आणता येईल का. त्यांना मी "बघा" असं काहीतरी गुळमुळीत बोललो होतो. ते चुकीचं उत्तर हेच. आणू नका. तपासण्यांशिवाय हे औषध घरात ठेवण्यासारखं नाही. नात्यातल्या कोणाची उरलेली पट्टी तर मुळीच घेऊ नका.

बाकी तिघींसाठी थोडक्यात. एकीच्या मुलाच्या पाठीवर आणि छातीवर एकाच मापाच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या आहेत आणि अँटिबायोटिकने त्या वाढल्या. तसं असेल तर ते मुरूम नसून केसांच्या मुळातल्या यीस्टचा प्रकार असू शकतो, डॉक्टरांना तसं मुद्दाम विचारा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला तोच निघाला आणि कोंड्यावरच्या औषधी शांपूने फरक पडला. दुसरीच्या मुलीची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केसही आहेत. तिने त्वचेच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं, कारण तो हार्मोन्सचा भाग असू शकतो. तिसरीने स्वतःबद्दल विचारलं, चाळिशीत हनुवटीवर पुळ्या येतात म्हणून लाजत लाजत. आमच्यातल्या आईलाही येतात, पाळीच्या आधी. आपण एकत्र लाजू.

मुलाच्या कपाळावरच्या रव्यासारखं काही असेल, तर जेल आणा, तेल थांबवा आणि तीन महिने धीर धरा. पण गालात दुखणारी, तोंड नसलेली गाठ असेल, किंवा बोट फिरवून कुठे खळगा लागत असेल, तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत थांबू नका. वेळ मिळायला आम्हाला सव्वादोन महिने लागले होते. कोणी वेळ रद्द केली तर आम्हाला कळवा, असं दर सोमवारी फोन करून सांगितलं असतं तर आधी मिळाली असती, असं तिथल्या स्वागतिकेने आम्हाला नंतर सांगितलं.

आमचा फोन नंबर मंडळाच्या यादीत आहे. रात्री नऊनंतर करा, तेव्हा आम्ही दोघंही घरी असतो. लेक घरी असली तर तिच्याशी बोलायला तुमच्या मुलीला द्या. तिची हरकत नाही, फक्त फोटो पाठवू नका म्हणते, फोटोत खोली कळत नाही.